पायाळू बाईची मान

माझी मान धरली ती एका मंगळवारी, दुपारी सव्वाबाराला, आज किती मुलांनी खिचडी खाल्ली हे मोबाइलमध्ये भरताना. एकशे अकरा हा आकडा मी तिसऱ्यांदा टाकत होते, कारण नेटवर्क दोनदा गेलं होतं. शेवटी तो एकदाचा गेला, मी हुश्श करून मान वर केली, आणि मान काही वर आली नाही. डाव्या कानाखालून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की मी तशीच जमिनीकडे बघत खुर्चीत बसून राहिले. समोरून जाणाऱ्या चौथीतल्या पोरी म्हणाल्या, "मॅडमचं काही हरपलं वाटते."

जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. सकाळी अकोल्यातल्या जुन्या शहरातून निघायचं, मूर्तिजापूरपर्यंत रेल्वे, तिथून ऑटोनं बारा किलोमीटर आत. या बावीस वर्षांत माझी मान फळ्याकडे बघून कमी आणि माहिती भरून जास्त झिजली, हे मी कोणाहीपुढे लिहून द्यायला तयार आहे. पण ते लिहून द्यायचं म्हटलं तरी मान खालीच घालावी लागते.

मान धरली की गावात प्रत्येक जण डॉक्टर होतो. मुख्याध्यापक म्हणाले, उशी उन्हात टाका. शिपाई म्हणाला, मानेवरून लाटणं फिरवा. एका पालकाने तर मूर्तिजापुरातला न्हावी सुचवला, एका झटक्यात मान मोडून देतो म्हणे. मग त्या चौथीतल्या पोरींपैकीच एक म्हणाली, "मॅडम, पार्बताबाईले बलावू का? थ्या पायाळू हायेत."

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी आलेलं माणूस. अशा माणसाच्या पायात गुण असतो, धरलेल्या मानेला किंवा उसण भरलेल्या पाठीला त्याचा पाय लागला की दुखणं उतरतं, असं आमच्याकडे गावोगाव मानतात. मी विज्ञान शिकवते. त्याच सकाळी सहावीच्या वर्गात अंधश्रद्धेवर तावातावाने बोलून आले होते. आणि दुपारी, खोटं कशाला सांगू, मी मुकाट्याने खिचडीच्या खोलीत जाऊन पोत्यावर पालथी पडले. दुखणं असं असतं की ते माणसाची सगळी पदवी एका मिनिटात उतरवतं.

पार्बताबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. साठीच्या आसपासची, उंच, वाळलेली बाई. तिने पाय धुतला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "घाबरू नका मॅडम, वजन नाई टाकत मी." तिचा डावा तळवा माझ्या मानेला तीनदा नुसता टेकला. गार, खरखरीत आणि हलका. तिसऱ्यांदा टेकला की उठायचं, काही न बोलता, मागे वळून न बघता निघून जायचं, असा नियम. मान धरलेल्या माणसाला मागे वळू नको सांगणारा नियम ज्याने केला, तो मोठाच विनोदी माणूस असला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी मान मोकळी झाली. श्रेय कोणाला द्यायचं हा प्रश्नच आहे, कारण मध्ये बुधवारी मी चारुताकडेही जाऊन आले होते. चारुता माझी मावसबहीण, अकोल्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तिने माझी मान चाचपली आणि पहिल्यांदा तीनच गोष्टी विचारल्या. हाताला मुंग्या येतात का, हातातून वस्तू पडतात का, चालताना तोल जातो का. तिन्हींना मी नाही म्हटलं.

"मग स्नायू आखडलेत, बाकी काही नाही," ती म्हणाली. "आपलं डोकं पाच किलोचं. सरळ असलं तर मणके ते आरामात पेलतात. तू फोनवर वाकलीस की तेच मानेच्या मागच्या स्नायूंना चौपट जड पडतं. शेक घे, मान हळूहळू हलवत राहा, अंथरूण धरू नकोस. फोन डोळ्यांसमोर धर. आणि कोणाकडून मान मोडून घेऊ नकोस, एखाद्या दिवशी भलतंच व्हायचं." हनुवटी सरळ आत ओढायची आणि पाच मोजायचे, खांद्यांची पाती मागे जवळ आणायची आणि पाच मोजायचे, असे दोन व्यायाम तिने दिले. पायाळूचं मी तिला सांगितलं नाही. लाज वाटली.

त्यानंतर मी पार्बताबाईकडे नीट बघायला लागले. तोवर ती मला गर्विष्ठ वाटायची. हाक मारली की बाई मान वळवून बघायची नाही. बैलबंडी वळवावी तशी आख्खी वळायची, मग बोलायची. चार वर्षं मी मनात म्हणत होते, एवढा कसला ताठा?

तिचा जन्म दर्यापूरकडच्या एका खेड्यातला. "सुईनीनं पहिले पायच पाह्यले," ती सांगायची, "तवाच म्हने, हे पोरगी आता लोकाइची झाली." आणि ती झालीच. सासऱ्याने सून म्हणून पसंत केली ती पायाळू आहे म्हणून. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हळदीच्या अंगाने, तिने दीराच्या पाठीवर पाय ठेवला. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन घेऊन पाठ धरलेला, कापसाचं गाठोडं उचलताना मान लचकलेली, ट्रॅक्टरवरून उतरताना कंबर भरलेला. लोक पहाटे शेतावर जाताना यायचे, ती जेवत असताना यायचे. नवरा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी दारात एक माणूस वाकडी मान घेऊन उभा राहिला. तिने डोळे पुसले आणि पाय धुतला. नाही म्हणणं पाप, आणि काही घेणं तर त्याहून मोठं पाप. घेतलं की पायाचा गुण जातो.

आणि हे सगळं डोक्यावरचं ओझं वाहून झाल्यावर. आठव्या वर्षापासून तिच्या डोक्यावर काही ना काही होतंच. पाणी, गवत, पऱ्हाटी, कापूस. शाळेत लागल्यावर पाणी. आमच्या शाळेचा नळ फाटकाजवळ आणि खिचडीची खोली पार मागे. रोज दहा-बारा वेळा डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्याने भरलेला पितळी गुंड, असं ती शंभर पावलं जायची आणि यायची. मी ते रोज बघत होते. बघत होते म्हणजे काय, खिडकीबाहेर काहीतरी हलायचं, एवढंच.

डिसेंबरात तिच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. एक दिवस झाकण पडलं, दुसऱ्या दिवशी ताटांची चळत. पोरं हसली, तीही हसली. मग एका दुपारी तिने मला चहाचा कप दिला तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्यावर पैशाएवढा फोड दिसला.

"पार्बताबाई, हे कधी भाजलं?"

"काय?" तिने अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि बघत राहिली. "आई वं. मले तं मालूमच नाई."

 चारुताचे तिन्ही प्रश्न मी तिथल्या तिथे तिला विचारले. ती दाराकडे बघण्यासाठी आख्खी वळली, कोणी नाही ना याची खात्री केली आणि म्हणाली, "हळू बोला, मॅडम."

हाताला मुंग्या सात महिन्यांपासून होत्या. मान तर मुलगा लहान असल्यापासून वळत नव्हती. हे तिने मुलालाही सांगितलं नव्हतं.

"मग दवाखान्यात का नाही गेलात?"

"पायाळूची मान धरली हे लोकाइले समजलं तं काय म्हनतीन? अन् दवाखान्यानं काय होते? पायाळूले पायाळूचाच पाय लागते. दुसऱ्या कशानं गुन येत नाई."

"मग दुसरा पायाळू शोधायचा!"

"आता पायाळू होतच नाईत, मॅडम. पोरगं पोटात उलटं दिसलं का डाक्टर पोट फाडून काढते. कारंज्याकडे एक बुढा होता, मी पाहून ठेवला होता त्याले. जाईन जाईन म्हनता म्हनता तो मेला. आता या भागात मी एकलीच. माह्या मानेवर कोन पाय ठेवीन?"

मला तिचा इतका राग आला की मी कप तिथेच ठेवून निघून आले. आता कळतं, तो राग निम्मा माझ्यावरचा होता. त्या पोत्यावर मीही पालथी पडले होतेच की.

पुढचे दोन महिने मी तिच्या मागे लागले होते. मुंग्या, बधिरपणा, हातातून वस्तू पडणं म्हणजे मानेत शीर दाबली गेल्याची खूण, थांबलात तर हात कायमचा जाईल, असं मी तिला रोज सांगायचे. ती म्हणायची, संक्रांत होऊ द्या. संक्रांत झाली, मग शिवरात्र होऊ द्या. तिलाही भीती होतीच. हात गेला की खिचडी गेली, आणि खिचडी गेली की पुण्याला मुलाच्या दीड खोलीत जाऊन राहायचं. ते तिला मरणासारखं वाटायचं. पण गावात हसू होईल याची भीती त्याहून मोठी होती. बोलून बोलून माझंच तोंड दुखायला लागलं होतं. बावीस वर्षं पाढे म्हणवून घेतलेल्या बाईलाही इतकं तेच तेच बोलवत नाही.

शिवरात्रीआधी एका शनिवारी चुलीवरून उतरवताना खिचडीचा गंज, ते मोठं पातेलं, तिच्या उजव्या हातातून सुटला. वाफाळती खिचडी उंबऱ्यापर्यंत वाहत गेली. ताटं घेऊन बसलेली पहिलीची पोरं तिथून चार हातांवर होती. कोणाला काही झालं नाही. पार्बताबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि आपल्या हाताकडे बघत राहिली. सगळं पुसून झाल्यावर ती म्हणाली, "कवा जाचं, मॅडम?"

रविवारी मी तिला घ्यायला गावात आले आणि आम्ही अकोल्याला गेलो. गावात तिने सांगितलं, मॅडमला साड्या घ्यायच्या आहेत, मी सोबतीला जाते. चारुताने तिला समोर बसवलं आणि आपली बोटं आवळायला सांगितली. डाव्या हाताने तिने अशी आवळली की चारुता ओय म्हणाली. उजव्या हाताची पकड लहान पोराच्या हातासारखी. मग छोट्या हातोडीने कोपरावर ठोकून पाहिलं, डोळे मिटायला सांगून बोटांना टोचून पाहिलं, फरशीच्या रेषेवरून चालायला लावलं. शेवटी तिने दोन्ही तळवे पार्बताबाईच्या मानेवर ठेवले तेव्हा ती आधी दचकली, आणि मग डोळे मिटून बसली.

चारुताने त्याच आठवड्यात मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे पाठवलं, मानेचा एमआरआय काढायला लावला. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी दबून बाहेर आली होती आणि हाताकडे जाणाऱ्या शिरेवर बसली होती. डॉक्टर म्हणाले, तोल गेलेला नाही हे नशीब. औषध, व्यायाम, आणि डोक्यावर आजपासून गवताची काडीसुद्धा नाही. पकड आणखी कमी झाली तर ऑपरेशन. गेली आहे ती सगळी परत येईलच असं सांगता येत नाही. मानेचा पट्टा दिला, तोही फक्त काही दिवसांसाठी आणि प्रवासात.

परत चारुताकडे व्यायाम शिकायला गेलो तेव्हा पार्बताबाईने स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "डाक्टरीनबाई, मी लोकाइच्या मानेवर पाय ठेवतो. चाळीस वर्सं झाले. कोनाले काई झालं असंन का?"

चारुताने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"नुसता पाय टेकवून काही होत नाही," चारुता म्हणाली. "आखडलेली मान चार-पाच दिवसांत आपोआपच सुटते. तुमच्या पायाने बरं वाटतं, भीती जाते, माणूस सैल पडतो, तेही काही कमी नाही. पण ज्याच्या हाताला मुंग्या येत होत्या आणि जो तुमच्याकडेच येत राहिला, त्याचा वेळ गेला असेल."

 मी तिला गावी सोडायला निघाले होते, गाडीत मूर्तिजापूर स्टेशन जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "नत्थुजी." मग तिने सांगितलं. गावातले नत्थुजी सहा वर्षांपूर्वी मान धरली म्हणून तिच्याकडे आले. उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणाले. तिने पाय ठेवला. ते परत आले. असे चार महिने, आठवड्यातून दोन-तीनदा. पाचव्या महिन्यात त्यांचा हात उचलेना. आज तो हात वाळून मांडीवर पडलेला असतो. "मी त्याले एकडावही नाई म्हटलं, का दवाखान्यात जा म्हनून," ती म्हणाली. "मले वाटलं माहा पाय हाये ना."

शाळेत मी तेव्हा काय केलं तर अडीचशे फुटी पाइप आणला आणि नळाला लावला. बस, एवढंच. पाणी फाटकापासून थेट खिचडीच्या खोलीत यायला लागलं. मुख्याध्यापक म्हणाले, अरे, हे आपल्याला आधी सुचलं कसं नाही?  एका पाइपाअभावी एका बाईची मान गेली, आणि ती रोज खिडकीतून दिसत असतानाही मला सुचलं नाही. यावर मी काय बोलणार?

गंज उचलायला आता दोघी लागतो, ती आणि मी. दुपारी पोरं जेवली की आम्ही दोघी भिंतीला टेकून हनुवटी आत ओढतो आणि पाच मोजतो. पोरं खिडकीतून बघून आमची नक्कल करतात. दीड महिन्यात तिच्या मुंग्या निम्म्या झाल्या. मान उजवीकडे थोडी वळायला लागली. अंगठा मात्र बधिरच आहे. पोळपाटावर लाटणं फिरतं, पण सुईत दोरा जात नाही. डॉक्टर म्हणाले, हात राहिला, यातच समाधान माना.

या दीड महिन्यात तिने कोणालाही पाय लावला नाही. येणाऱ्याला म्हणायची, माहा पायच दुखून राह्यला, जा. लोक कुरकुरत परत जायचे. तिला त्याने आराम मिळाला असेल असं मला वाटलं होतं. पण ती दिवसेंदिवस आणखी थकल्यासारखी दिसायला लागली. मग चैत्रातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ती म्हणाली, "मॅडम, नत्थुजीकडे येता का माह्यासंगं? एकलीनं जावत नाई."

जाताना तिने पिशवीतून पट्टा काढला आणि गळ्यात बांधला. गरज नव्हती, मी तसं म्हणालेही. "नाई," ती म्हणाली, "पाहू द्या आता." भर बाराच्या उन्हात ती गावातून तशी चालली. पारावरच्या माणसांची बोलणी थांबली. मागून कोणीतरी हसलं. पार्बताबाई वळली नाही.

नत्थुजी कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला पंचाचं टापर गुंडाळलेलं, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा. त्यांची सून दामिनी आम्हाला बघून चहा ठेवायला आत गेली. पार्बताबाई उभीच राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमचा हात माह्यानं गेला. मुंग्या येतात म्हने तुमी, अन् मी पाय ठेवत राह्यली. तवाच दवाखान्यात गेले असते तं हात वाचला असता. डाक्टरीनबाईनं सांगतलं मले. माहीबी मान गेली, हे पाहा. कोनाले सांगतलं नाई मी." एवढं बोलून ती दमली. तिचा श्वास ऐकू येत होता.

नत्थुजींनी तिच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"बस," ते म्हणाले.

ती बसली नाही.

"दवाखान्यात जा म्हनून पोरगा तवाच म्हने. दुसऱ्याच हप्त्यात गाडी बलावली होती त्यानं. मीच नाई गेलो."

"काहून?"

"दवाखान्यात गेलो असतो, तं तुह्याकडे याचं काय काम होतं?" नत्थुजी माझ्याकडे बघून जरा ओशाळले, पण थांबले नाहीत. "तुही वहिनी गेली त्याच वर्सी. पोरगं, सून, सारे चांगले हायेत. जेवाले देतात, विचारतात. पन अंगाले कोनी हात लावत नाई, पार्बताबाई. बुढ्याच्या अंगाले कोन हात लावते? तुहा पाय मानेले लागे तं वाटे, का बा, आपुन हाओत अजून. तिनदा लागे. घरी येईपर्यंत पुरे मले."

 पार्बताबाईच्या चेहऱ्यावर आधी राग आला, हे मला स्पष्ट दिसलं. चार महिने तिला वाटलं होतं की ती दुखणं उतरवते आहे, आणि नंतर सहा वर्षं ती त्या हाताकडे बघत आली होती. मग तो राग गेला. राहिला तो नुसता थकवा, माझ्या ओळखीचा, आम्हा सगळ्यांचाच.

"मूर्ख हा तुमी," ती म्हणाली.

"हाओ," नत्थुजी म्हणाले.

ती बाजेच्या कडेवर बसली. त्यांचा वाळलेला हात तिने मांडीवरून उचलला, आपल्या उजव्या हातात घेतला आणि एकेक बोट दाबायला लागली, करंगळीपासून सुरुवात करून. तिच्या अंगठ्याला त्या बोटांचा स्पर्श कळत नव्हता आणि त्या बोटांना तिच्या अंगठ्याचा. तरी ती दाबत राहिली. नत्थुजींनी डोळे मिटले. दामिनी चहा घेऊन दारापर्यंत आली. मी तिला हाताने खूण केली, थांब जरा.